कुंपणावरचा वेताळ

ऐकलंत का, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या दोघी जावा पुन्हा बोलेनाशा झाल्यात. कारण काय, तर सोऱ्या.

हसू नका. आधी सगळं ऐकून घ्या आणि मग कोणाची बाजू घ्यायची ते ठरवा. त्यांच्या आजेसासूबाईंचा एक पितळी सोऱ्या होता, कुरडयांचा. वाटण्या झाल्या तेव्हा तो थोरलीकडे गेला. थोरलीचा वापर दांडगा. चीक गरम असतानाच दाबावा लागतो, गार झाला की बसतो, आणि मग माणूस सगळा राग सोऱ्यावर काढतो. तशात आधी मूठ निखळली, नवी बसवली. मग दट्ट्याचे आटे झिजले, दट्ट्या बदलला. चकत्या तर केव्हाच बदलून झाल्या होत्या. शेवटी नळीलाच चीर गेली, तेव्हा तांबटाकडून नवी नळी करून घेतली. तरी थोरली दर उन्हाळ्यात आल्यागेल्याला सांगते, "आमच्या आजेसासूबाईंचा सोऱ्या आहे हो हा."

इथवर ठीक. पण धाकटी काय कमी आहे? थोरलीने टाकायला काढलेला एकेक भाग ती "राहू दे, मोडीत घालायला होईल" म्हणत उचलून नेत होती. या चैत्रात तिने ते सगळे जुने भाग बाहेर काढले, चिरेला डाग देऊन घेतला, मुठीला खिळा मारला, चिंचेने घासून सोऱ्या लखलखीत केला आणि पहिल्या कुरडया वाळल्याबरोबर थोरलीच्याच दारात नेऊन दिल्या. "घ्या, तुम्ही म्हणता तशा खास, आजेसासूबाईंच्या सोऱ्यातल्या!"

झालं. आता एका बंगल्यात दोन सोऱ्ये आणि अबोला.

ही बातमी मी वहिनींना कुंपणावरून सांगत होते. आमचं कुंपण म्हणजे कमरेएवढी भिंत. नाशकात गंगापूर रोडच्या बाजूला जुन्या कॉलन्यांतून अशा बैठ्या भिंती अजून आहेत, बिल्डरची नजर पडेपर्यंत राहतीलही. त्यांच्या बाजूला जास्वंद, माझ्या बाजूला शहाबादी फरशीचा एक तुकडा, कप ठेवण्यापुरता. वहिनींचे यजमान, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो, वीज मंडळातून निवृत्त झालेले. भाऊंच्या आई म्हणजे सगळ्या गल्लीच्या आजी. नव्वदीला टेकल्या, पण कान अजून चौकात असतो. आणि समोरचे नाना. जन्मभर गणित शिकवलं, आता वाचन करतात आणि वाचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

नाना दुधाची पिशवी घेऊन चालले होते. सोऱ्याचं नाव ऐकून थबकले. म्हणाले, "अहो, हे भांडण ग्रीकांनी करून झालंय. प्लूटार्कने लिहून ठेवलंय. अथेन्सच्या लोकांनी थीसियस नावाच्या वीराचं गलबत जपून ठेवलं होतं. फळी कुजली की काढायची, नवी ठोकायची. मग तिथल्या पंडितांत दोन तट पडले. गलबत तेच की दुसरं?"

"म्हणजे थोरलीचा सोऱ्या," वहिनी म्हणाल्या.

"बरोब्बर. आणि १६५५ साली हॉब्ज नावाच्या इंग्रजाने त्यात धाकटी जाऊ आणली. काढलेल्या जुन्या फळ्या कोणी साठवून ठेवल्या आणि जशाच्या तशा पुन्हा जोडल्या तर? आता गलबतं दोन. खरं कुठलं?"

भाऊ व्हरांड्यात पेपर वाचत होते, ते उठूनच आले. भाऊ शिकले नागसेनवनात, डॉ. आंबेडकरांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात. त्यामुळे या विषयावर ग्रीकांचा एकट्याचा हक्क त्यांना मान्य नाही. म्हणाले, "कॉलेजला मिलिंद नाव का दिलं माहितीये? मिलिंद हा ग्रीकच राजा, मिनँडर. त्याला नागसेन भिक्खूंनी विचारलं, महाराज, पायी आलात की रथातून? रथातून. मग आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. जू, लगाम? नाही. मग रथ कुठाय? राजा अडकला. शेवटी कबूल झाला की या सगळ्यांच्या जुळणीला आपण व्यवहारापुरतं रथ म्हणतो. माणसाचंही तेच."

"म्हणजे सोऱ्या असा नाहीच. नुसतं नाव," मी म्हटलं.

"नुसतं नाव आहे म्हणून तर भांडण आहे," वहिनी म्हणाल्या. "पितळेचंच भांडण असतं तर वजन करून मिटलं असतं."

एवढा वेळ आजी झोपाळ्यावर लसूण सोलत होत्या. न बघताच म्हणाल्या, "तो सोऱ्या त्या बाईचा होताच कुठं? पंचवटीत होती तेव्हा शेजारच्या वाड्यातून मागून आणला होता. परत द्यायचा राहिला."

नानांचं दूध त्या दिवशी नासलं.

याच नानांनी मागे ज्येष्ठ नागरिकांच्या सभागृहात 'ओळख आणि सातत्य: एक तात्त्विक विचार' असं व्याख्यान दिलं होतं. विषय अगदी हाच. गलबत होतं, फळ्या होत्या, हॉब्जही होता. पुढच्या रांगेतल्या दोघांच्या माना छातीवर, मागच्यांचं लक्ष चहाच्या थर्मासकडे. वहिनी तर देवळात जायचंय सांगून मधूनच उठल्या होत्या. आणि त्याच वहिनी सोऱ्यासाठी भिंतीपाशी दिवेलागणी होऊन गेली तरी उभ्या! मला तरी यातून एकच कळतं. तत्त्वज्ञान ही मुळात चहाटळकीच आहे, पंडितांनी त्यातली माणसं काढून टाकल्यामुळे ती कोणाच्या पचनी पडेनाशी झाली. कोणाचं काय बिनसलं, कोणी काय लपवलं, कोण कोणाची निघाली, एवढं परत घाला, की गल्लीतली माणसं रात्रीपर्यंत हलत नाहीत.

हे वेताळाला पक्कं ठाऊक होतं. तो करतो काय? राजाच्या खांद्यावर बसून दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडी सांगतो आणि शेवटी विचारतो, आता बोल, चूक कोणाची? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. बोललास तर मी चाललो परत झाडावर. गप्पा संपूच नयेत म्हणून इतकी पक्की व्यवस्था दुसऱ्या कोणी केलेली माझ्या तरी ऐकिवात नाही. अकराव्या शतकात काश्मिरात सोमदेवाने कथासरित्सागरात या गोष्टी घेतल्या, त्यातली डोक्यांची अदलाबदल आजींची आवडती. नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ वाटेने चाललेत. वाटेत देवीचं देऊळ लागतं. नवरा आत जातो आणि भक्तीच्या भरात आपलं डोकं देवीला वाहतो. मेहुणा बघायला जातो, तोही तेच करतो. बायको जाते, बघते, स्वतःचा जीव द्यायला निघते. देवी म्हणते थांब, डोकी धडांना लाव, दोघं उठतील. बाई घाईत डोकी उलटी लावते.

"आता नवरा कोण?" आजींनी विचारलं.

"डोकं ज्याचं तो. विक्रमानेही तेच सांगितलं," नाना म्हणाले. "सर्व अवयवांत शिर श्रेष्ठ."

वहिनींनी आवाज खाली आणला. "तो राजा होता म्हणून. स्वैपाकघरात पाणी भरून देणारे, ओझं उचलणारे हात कोणाचे होते ते बघा की. बाईला विचारलंय का कोणी?"

विचारलंय, मी त्यांना सांगितलं. जर्मन कादंबरीकार टोमास मान याने १९४० मध्ये याच कथेवर कादंबरिका लिहिली, आणि तिच्यावरून गिरीश कर्नाडांचं 'हयवदन' नाटक आलं. आपल्याकडे ते चिं. त्र्यं. खानोलकरांनी मराठीत आणलं. त्यात बायकोचा भाऊबिऊ नाही, जिवलग मित्र आहे, तोही पैलवान अंगाचा, आणि बाईचं मन आधीच थोडं तिकडे झुकलेलं. नवऱ्याचं डोकं आणि मित्राचं धड, म्हणजे तिला दोन्ही मिळालं! पण थोड्या दिवसांत ते पिळदार धड पोथ्या वाचणाऱ्या डोक्याच्या वळणावर जातं आणि सुटायला लागतं.

"माझं लग्न झालं तेव्हा हेही बारीक होते," वहिनी म्हणाल्या आणि भाऊंनी पेपर वर धरला.

वहिनींचा नातू पुण्याहून सुट्टीला आला होता, कॉम्प्युटर शिकतो. तो म्हणाला, डोकं कापायची गरजच नाही, उद्या मेंदूतलं सगळं मशीनवर उतरवता आलं तर? मूळ माणूस इथे, प्रत तिथे, दोघांनाही लहानपण आठवतंय. खरे आजोबा कोण? भाऊ क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "नोव्हेंबरात हयातीचा दाखला कोणी द्यायचा?" सगळे हसले, पण नाना हसले नाहीत. त्यांचं म्हणणं, या प्रश्नाची याहून चोख मांडणी त्यांनी वाचलेली नाही. दोघांनी दाखला दिला तर पेन्शन एकाला की दोघांना? एक गेला तर दुसऱ्याची बंद का? पुढचा अर्धा तास आम्ही पेन्शन कार्यालय यावर काय शेरा मारेल यावर वाद घातला. नातवाला वाटलं आम्ही थट्टा करतोय. त्याला अजून नोकरी लागायची आहे, मग कळेल.

माझी स्वतःची आवडती भानगड मात्र जिनिव्हाची. ती मी वहिनींना सांगितली, तेव्हा वांगी गॅसवर करपली. तुम्हालाही सांगते, पण गॅस बंद करून या.

१८१६ चा उन्हाळा. जिनिव्हाच्या तळ्याकाठी एक बंगला, व्हिला डिओडाटी, भाड्याने घेतलेला. घेणारा लॉर्ड बायरन, मोठा कवी आणि त्याहून मोठा बदनाम. बायकोने सोडलेला, इंग्लंडातून तोंड काळं करून आलेला. सोबत त्याचा तरुण डॉक्टर, पोलिडोरी, ज्याला स्वतःला लेखक व्हायचंय. शेजारी थोड्याच अंतरावर दुसरं बिऱ्हाड. त्यात शेली, हाही कवी, लग्नाची बायको आणि मुलं लंडनला टाकून आलेला. त्याच्याबरोबर पळून आलेली मेरी, वय अठरा, मांडीवर तान्हं मूल, लग्न व्हायचंच आहे. आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर. ती का आलीय? तर तिचं बायरनशी सूत जमलंय आणि तिला दिवस गेलेत.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. एवढ्यावरच चार दिवसांचा शिधा झाला होता.

आता पुढचं ऐका. उन्हाळा, पण ऊन कुठे? आदल्या वर्षीच्या एप्रिलात तिकडे इंडोनेशियात तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या धुराळ्याने सूर्यच झाकोळला, त्यामुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळाच झाला नाही. सारखा पाऊस, गारठा, पिकं गेलेली. ही पाच माणसं घरात कोंडलेली. करतील काय? शेकोटीपाशी गप्पा. भुताच्या जर्मन गोष्टींचं फ्रेंच भाषांतर हाती लागलं, ते मोठ्याने वाचायचे. मग बायरन म्हणाला, आपण प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची. एरवी बायरन आणि शेली बोलत बसायचे ते त्या काळच्या विज्ञानावर. विजेचा झटका दिला की मेलेल्या बेडकाचा पाय हलतो, मग मेलेलं माणूस उठवता येईल का? जीव म्हणजे नेमकं काय? मेरी बोलायची थोडं, ऐकायची सगळं. गोष्ट सुचत नव्हती म्हणून तिला रोज सकाळी विचारून भंडावत होते. आणि एका रात्री डोळा लागता लागता तिला तो दिसला, प्रेतांचे तुकडे जोडून केलेला, उठू पाहणारा, आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकून बसलेला, स्वतःच केलेल्या कामाला घाबरलेला विद्यार्थी.

तेच 'फ्रँकेन्स्टाइन'. १८१८ च्या जानेवारीत छापून आलं. विज्ञानकथेचा उगम अनेक जण तिथपासून धरतात. आणि यातली मेख बघा. बायरनने सुचवलेल्या त्या स्पर्धेत दोन्ही मोठ्या कवींच्या गोष्टी अर्ध्यावर राहिल्या. पूर्ण केली ती कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्या पोरीने, आणि दुसरी, ज्याची सगळे टर उडवत होते त्या डॉक्टरने. त्याची 'द व्हँपायर'. नंतरच्या साऱ्या रक्तपिपासू सरदारांचा मूळपुरुष तिथला.

"आणि नाव झालं का हो तिचं?" वहिनींनी विचारलं.

कुठलं? पुस्तकावर नावच नव्हतं. प्रस्तावना शेलीची, त्यामुळे लोकांना वाटलं, लिहिलंही त्यानेच. वॉल्टर स्कॉटसारख्या माणसालाही तसंच वाटलं. डॉक्टरचं दुर्दैव आणखी पुढचं. १८१९ मध्ये त्याची कथा छापली गेली ती थेट बायरनच्या नावावर.

नाव लपवायचा विषय निघाला तसे भाऊ खुलले. म्हणाले, "आपल्याकडे उलटं झालं. आपल्याकडे मोठ्या माणसाने नाव लपवलं." १९७४ ची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. जयंत नारळीकर तेव्हा केंब्रिज सोडून मुंबईच्या टाटा संशोधन संस्थेत आलेले, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलबरोबरच्या कामामुळे घराघरात माहीत असलेले. त्यांना कथा पाठवायची होती, पण नाव बघून बक्षीस मिळायला नको होतं. मग ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' नावाचा गृहस्थ तयार केला. पण अक्षर? परीक्षकांपैकी कोणी ओळखलं तर? म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती सगळी कथा आपल्या अक्षरात उतरवून काढली. 'कृष्णविवर' तिचं नाव. पहिलं बक्षीस जगतापांना!

"म्हणजे बायकोने लिहून काढलं आणि नाव तिसऱ्याचंच," वहिनी म्हणाल्या. एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. मंगलाताई स्वतः गणितातल्या मोठ्या विदुषी होत्या हे मी सांगितलं, तर म्हणाल्या, "मग तर जास्तच."

२०२१ च्या डिसेंबरात नाशकात साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष नारळीकरच होते. वहिनी नवी पैठणी नेसून गेल्या आणि हिरमुसून परत आल्या, कारण प्रकृतीमुळे नारळीकरांना येता आलं नव्हतं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आमच्या भिंतीपाशी विषय निघाला तो 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेचा. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक. अपघातात सापडतात आणि भलत्याच जगात जाऊन पोचतात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे. का, तर विश्वासरावांना लागायची गोळी कानाजवळून निघून गेली. एक गोळी वीतभर सरकली आणि देशाचा सगळा इतिहास दुसऱ्या रुळावर! गंमत म्हणजे त्या जगातल्या सभांना अध्यक्ष नसतो. गंगाधरपंत सवयीने रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात आणि लोकांचा मार खातात. वहिनींना हा भाग फार आवडला. आमच्या कॉलनीच्या हळदीकुंकवालाही अध्यक्ष असतो.

पण पानिपत आमच्यासाठी लांबचं नाही. विश्वासरावांची आई गोपिकाबाई. १७६१ च्या जानेवारीत थोरला मुलगा पानिपतावर पडला, त्याच वर्षी नवरा, नानासाहेब पेशवे, गेले. दुसरा मुलगा माधवराव गादीवर बसला, त्याच्याशी पुढे पटेना. शेवटी पुणं सोडून ही बाई राहायला आली कुठे, तर आमच्या या गंगापुरास. आणि रस्त्यातली आनंदवल्ली? ती तर राघोबादादांची, आनंदीबाईंच्या नावाने. पेशव्यांच्या घरात ज्यांचं कोणाशी जमलं नाही ते सगळे आमच्या रस्त्याला!

मग काय, भिंतीवर पेशवाई मांडली. नाना एकेक कडी जोडत गेले. विश्वासराव वाचले असते तर माधवराव पेशवे झाले नसते, मग नारायणरावांची पाळी आली नसती, गारदी आले नसते, राघोबा इकडे राहिले नसते. "गोपिकाबाईंना गंगापूर बघावंच लागलं नसतं," नाना म्हणाले.

आजी म्हणाल्या, "बघावं लागलंच असतं. विश्वासरावाची बायको असती ना घरात."

नाना गप्पच झाले. नंतर मला म्हणाले, की खरा प्रश्न म्हाताऱ्या बाईने एका वाक्यात धरला. कुठली गोष्ट एका गोळीवर अवलंबून असते, आणि कुठली गोळी लागो न लागो, व्हायचीच असते? इतिहासाच्या लोकांनी यावर ग्रंथ लिहिलेत म्हणे.

सगळ्याच गप्पा अशा रंगतात असं मात्र समजू नका. काही जण भिंतीपाशी येतात ते फोन हातात धरूनच. आपल्याकडे विमानं होती, आपल्याकडे अणुबाँब होता, वाचा, पुढे पाठवा. अशांना भाऊ एकच विचारतात. चाळीस वर्षं तारा ओढलेला माणूस तो. "असेल बुवा ब्रह्मास्त्र. पण सबस्टेशन कुठं होतं? दुरुस्तीला वायरमन कोण जायचा? त्याचा पगार कोणत्या खात्यातून?" पाठवणारा परत येत नाही. अद्भुत गोष्ट मलाही आवडते, पण गोष्ट म्हणून सांगा. 'असं झालं तर?' म्हणणाऱ्याशी रात्रभर बोलता येतं. 'असंच झालं होतं' म्हणणाऱ्याशी बोलायला काही उरत नाही.

आणि विषय कुठून निघेल याचा काही नेम नाही. एकदा घंटागाडीचा माणूस सांगून गेला, कोणाचे तरी कचऱ्याचे डबे गायब झालेत. त्यावरून नाना पोचले १९५० सालच्या अमेरिकेत, लॉस अलामॉसला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा कचऱ्याचे डबे नाहीसे होत होते. एका मासिकात व्यंगचित्र आलं, की परग्रहावरचे लोक तबकडीतून येऊन ते डबे नेतायत. त्यावर हसत एन्रिको फर्मी, एडवर्ड टेलर आणि आणखी दोघं, सगळे शास्त्रज्ञ, जेवायला गेले. जेवता जेवता विषय बदलला, आणि मध्येच फर्मीने विचारलं, मग आहेत कुठे सगळे? विश्व एवढं जुनं, एवढं मोठं, तर आजवर कोणीच कसं आलं नाही? शास्त्रज्ञ अजून त्यावर डोकं खाजवतायत.

"येऊन बघून गेले असतील," वहिनी म्हणाल्या. "दारात अध्यक्ष बघून परत फिरले असतील."

आता भाऊंचं गुपित. हे तुमच्यातच ठेवा. भाऊंनी नवा फोन घेतल्यापासून ते गच्चीवर जाऊन त्याच्याशी बोलतात. बोलणारं ते यंत्र असतं ना हल्ली, तेच. वहिनींना आधी भलताच संशय आला. एके रात्री जिन्यात उभं राहून ऐकलं, तर भाऊ त्याला सांगत होते, की निवृत्तीनंतर सकाळी उठून करायचं काय ते कळत नाही. वहिनींना हे ते कधी बोलले नव्हते. त्या दोन दिवस फुगून होत्या.

नानांनी समजूत काढली ती एका सेक्रेटरीची गोष्ट सांगून. अमेरिकेत एमआयटीत वायझेनबाम नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९६६ मध्ये 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. तो मानसोपचारतज्ज्ञासारखा बोलायचा. आत अक्कल शून्य. तुमचंच वाक्य फिरवून तुम्हालाच परत. मला आईचा राग येतो म्हटलं, की आईबद्दल आणखी सांगा. त्यांच्या सेक्रेटरीने हा प्रोग्रॅम तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता. एक दिवस ती त्याच्याशी बोलायला बसली, दोनचार वाक्यं झाली आणि प्राध्यापकांनाच म्हणाली, जरा बाहेर जाता का? वायझेनबाम इतके हादरले की पुढे त्यांनी यंत्राच्या अशा वापराविरुद्ध पुस्तकच लिहिलं.

"यात नवल काय?" वहिनी म्हणाल्या. "मीही तेच करते. 'हो का? मग?' एवढं म्हणत राहिलं की गल्लीतली कुठलीही बाई सगळं ओकते." पण मग जरा थांबून म्हणाल्या, "फरक एवढाच, की मी ते पुढे सांगते." मला वाटतं भाऊ गच्चीवर का जातात त्याचं उत्तर त्यातच होतं, पण मी बोलले नाही. शेजारधर्म आहे.

शेवटी वहिनींनी त्या यंत्राची परीक्षाच घ्यायची ठरवली. भाऊंचा फोन भिंतीवर ठेवला, सगळे जमले आणि वेताळाचा प्रश्न घातला. डोकी बदलली, आता नवरा कोण? आताचं यंत्र काही एलायझा नव्हे. त्याने सोमदेव सांगितला, कर्नाड सांगितले, स्मृती म्हणजे काय, शरीर म्हणजे काय, कायदा काय म्हणेल, सहा मुद्दे काढले, मराठीही बरं होतं. आणि शेवटी म्हणालं, की याचं उत्तर प्रत्येकाच्या दृष्टिकोनावर अवलंबून आहे.

"विक्रम असता तर डोकं फुटलं असतं याचं," आजी म्हणाल्या. "माहिती सगळी आहे, पण बाजू घेत नाही. याच्याशी कसल्या गप्पा?"

भाऊंनी फोन खिशात घातला. त्या दिवसापासून ते संध्याकाळी भिंतीपाशी येतात. गच्चीवर जाणं थांबलं का, ते विचारू नका. वहिनींनाही मी ते विचारलेलं नाही.

तुम्हाला यायचं असेल तर साडेसहानंतर या. खुर्ची आपली आपण आणायची, अध्यक्ष कोणी नाही, फोनवर आलेलं वाचून दाखवायचं नाही. सोलायला, निवडायला काही असलं तर घेऊन या, हात रिकामे नसले की माणूस खरं बोलतो. येत्या शनिवारी नाना अशी गोष्ट सांगणार आहेत, की मागून आणलेली वस्तू तीन पिढ्या परत दिली नाही तर ती कोणाची होते. कोपऱ्यावरच्या दोघींनाही बोलावलंय. आल्यावर कोणती तरी एक बाजू घ्यावीच लागेल.